आकडा आप्पांचा, दंड गुणाजीचा

“ताई, याला दंड कळतो, माणूस कळत नाही. आकडा आला तरी रोज त्यांचा आवाज ऐकत जा.”

अक्षदा सिस्टर असं म्हणाल्या तेव्हा दर्शनाचं अर्धं लक्ष कडेवरच्या लेकीकडे, मैत्रीकडे होतं. मैत्री सिस्टरच्या टेबलावरचा स्टेपलर ओढू बघत होती. दर्शनाने तिची मूठ सोडवली, “हो हो, ऐकेन की,” म्हणाली आणि मला पिशवीत टाकून जिना उतरलीसुद्धा.

मित्रांनो, त्या पिशवीत गेलेला मी. मी एक जुना डबा आहे. जेवणाचा नव्हे, रक्तदाब मोजायचा. दुकानात मला बीपीचं मशीन म्हणतात, पण ज्या गावात माझी उमेदीची वर्षं गेली तिथे सगळे मला डबाच म्हणत आले आणि आता मलाही ते नाव आवडायला लागलंय. माझ्या अंगाला एक नळी आहे, नळीला कापडी पट्टा आहे आणि पोटात एक सिमकार्ड आहे. पट्टा दंडाला बांधायचा, बटण दाबायचं. मी हवा भरतो, दंड आवळतो, मग हळूहळू सैल सोडत आतले ठोके ऐकतो. जे ऐकलं त्याचे आकडे करतो आणि लांब पाठवून देतो. वरचा, खालचा आणि नाडीचा. माझी भाषा एवढीच.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. डोक्याला टोप्या घातलेल्या बायकांनी माझ्या पोटात पंप बसवला, पट्टा शिवला आणि शेवटी माझी परीक्षा घेतली. ती एका लाकडी दंडावर. लाकडाला ना भीती, ना राग, ना खारट खायची हौस. त्यामुळे आकडा नेहमी एकसारखा. मला वाटलं, जगातले सगळे दंड असेच असतील.

तिथून मी ठाण्याला आलो. टेंभी नाक्याजवळच्या एका इमारतीत, पहिल्या मजल्यावर एक छोटं केंद्र आहे. मुरबाड-शहापूरकडच्या खेड्यांत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांवर तिथून लांबून लक्ष ठेवतात. भिंतीवर मोठा पडदा, पडद्यावर नावांच्या ओळी. आकडा बरा असेल तर ओळ हिरवी, वाढला तर पिवळी, फारच वाढला तर लाल. लाल झाली की सिस्टर फोन उचलणार. नवरात्रात खाली एवढी गर्दी व्हायची की त्यांना खिडक्या लावून घेऊन ओरडावं लागायचं, “आजी, पट्टा कोपराच्या वर! स्वेटर काढा आधी!” मी फळीवरून हे ऐकत माझ्या पाळीची वाट बघत होतो. माझी पाळी आली ती दर्शनाच्या पिशवीतून.

दर्शना राहते डोंबिवलीत. नवरा प्रशांत, चार वर्षांची लेक मैत्री आणि घरी शिकवणीला येणारी पाचवी-सहावीची मुलं, असा तिचा संसार. विज्ञानाची पदवी घेतलेली, ठाण्याच्या एका प्रयोगशाळेत नोकरी केलेली, मैत्री झाल्यावर घरी बसलेली. जात्याच धास्तावलेली बाई. मैत्री झोपली की ती अजूनही तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघते. प्रशांत म्हणायचा, “अगं, चार वर्षं घेतेय ती श्वास, आज का विसरेल?” तरी ती बघायचीच.

तिचे वडील, देवराम आप्पा, मुरबाडच्या पुढच्या खेड्यात एकटे. जन्मभर अंबरनाथला कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाले, बायको गेली आणि ते गावी परतले. दर्शना म्हणायची, आमच्याकडे या. आप्पा म्हणायचे, “तुझ्या तिसऱ्या मजल्यावरून आभाळ दिसत नाही गं, समोरच्यांची वाळत घातलेली धुणी दिसतात. त्यांच्या घरात किती माणसं ते मोजून झालं माझं.”

आप्पांच्या नाकाखाली डोंबिवलीतून बोट धरता येत नव्हतं. म्हणून दर्शनाने मला नेलं. मी म्हणजे तिचं लांब केलेलं बोट.

आप्पांचा दंड मला पहिल्या दिवसापासून आठवतो. बारीक, कातडी सैल, वर लहानपणीच्या देवीच्या लसीचा वण. ठोके जरा घाईचे, मधूनच एखादा अडखळणारा. आप्पा माझ्याशी बोलायचे. “आवळ बाबा आवळ, काल सुकट खाल्लीय, तुला कळणारच.” मला कळायचं. ओळ पिवळी व्हायची आणि थोड्या वेळाने दर्शनाचा फोन यायचा.

“आप्पा, काल रात्री काय खाल्लंत?”

“भाकरी.”

“भाकरीबरोबर?”

“...पाणी.”

“आप्पा!”

“अगं, जरासा जवळा होता. मालनने कुंपणावरून दिला. देणाऱ्याचं मन मोडायचं का?”

ती रागवायची, ते हसायचे, मैत्री मध्येच फोन हिसकावून त्यांना मांजराचा आवाज काढून दाखवायची. केंद्रातल्या डॉक्टरांनी गोळी ठरवून दिली, आप्पा ती घेऊ लागले, ओळ पिवळीची हिरवी झाली. ते माझे सुखाचे दिवस होते.

पण मित्रांनो, हिरव्या ओळीची एक गंमत आहे. ती दिसली की माणूस निश्चिंत होतो. दर्शनाचे फोन आधी लांब होते, मग आटोपशीर झाले, मग एक दिवसाआड. मैत्रीची शाळा सुरू झाली, शिकवणीची मुलं वाढली. सकाळी आकडा आला की ती मोबाइलवर एक अंगठा पाठवायची. आप्पांना तो अंगठा दिसायचा. ते थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसायचे. अंगठ्याला उत्तर काय देणार? मग ते मला पुसून, नळी गुंडाळून कोनाड्यात ठेवायचे. त्या कोनाड्यात बाबासाहेबांची तसबीर आणि दर्शनाच्या आईचा फोटो होता. मला एवढी मानाची जागा मिळाली याचा मला अभिमान वाटायचा.

मार्च उजाडला आणि आप्पांच्या अंगात वारं भरलं. कारण जयंती जवळ आली होती. दरवर्षी चौदा एप्रिलला त्यांच्या वस्तीतून मिरवणूक निघायची आणि वस्तीच्या टोकालाच संपायची. या वर्षी पहिल्यांदाच ती गावातून जाणार होती, थेट पारापर्यंत. त्यासाठी गावसभेत बरीच बोलाचाली झाली होती. शेजारच्या मळ्यातला गुणाजी, वस्तीच्या बाहेरचा माणूस, सभेत उभा राहून म्हणाला होता, “रस्ता काय कुणाच्या बापाचा हाय का? पारावर येऊ द्या, माझी बायको सरबत वाटंल.” घरी मालनला हे कळल्यावर ती म्हणाली, “मला न विचारता माझं सरबत वाटून आला व्हय!” पण लिंबं तिनेच सांगून ठेवली.

लेझमीच्या पहिल्या रांगेत मधोमध आप्पा असणार होते. रोज संध्याकाळी विहारासमोर सराव. उन्हाचा तडाखा, जागरणं, धावपळ आणि सरावानंतर पोरांबरोबर भजी. एके दिवशी सकाळी मी दंड आवळला आणि आतले ठोके दार ठोठावल्यासारखे आले. ओळ लाल झाली.

दर्शना दुपारपर्यंत दारात हजर. कल्याणहून एसटी, पुढे जीप, कडेवर झोपलेली मैत्री, घामाने निथळलेली. आप्पा अंगणात निळ्या पताका चिकटवत होते.

“काय गं? रविवार आहे का आज?”

“आप्पा, लाल आलंय! तुम्ही उन्हात बसलाय काय?”

डॉक्टरांनी फोनवर गोळी वाढवली. दर्शना रात्रभर राहिली. जाताना चप्पल घालता घालता म्हणाली, “पुन्हा एकदा जरी लाल आलं ना, मी तुम्हाला डोंबिवलीला घेऊन जाणार. जयंती-बियंती काही ऐकणार नाही मी.”

तिने ते काळजीपोटी म्हटलं होतं. पण आप्पांचा चेहरा मी कोनाड्यातून पाहिला. त्यांना रक्तदाबाची भीती वाटली नव्हती, माझी वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला उचललं, पट्टा हातात धरला आणि बांधलाच नाही. कुंपणाकडे जाऊन हाक मारली, “गुणा, जरा इकडे ये.”

गुणाजी आला. हात चिखलाने भरलेले, खांद्यावर भेंडीची टोपली. “जय भीम, दादा. काय म्हणता?”

“जय भीम. हात धू आणि बस. दंड दे तुझा.”

“मला काय झालंय?”

“काही नाही झालं, म्हणूनच दे.”

मित्रांनो, गुणाजीचा दंड म्हणजे उसाचं कांडं. माझा पट्टा जेमतेम पुरला. ठोके संथ, भरीव, शेताला पाणी सोडल्यासारखे. एकशे अठरा, शहात्तर. नाडी साठाच्या आत. मी ऐकलं आणि मला कळलं की हा तो दंड नव्हे. सैल कातडी नाही, वण नाही, अडखळणारा ठोका नाही. पण माझ्या भाषेत ‘कोणाचा’ असा शब्दच नाही. मी आकडे पाठवले. ठाण्याच्या पडद्यावर आप्पांची ओळ हिरवीगार झाली.

“जयंती होऊ दे,” आप्पा म्हणाले. “दुसऱ्या दिवशी मीच तिला सगळं सांगेन. तोवर कुणाला बोलू नको.”

गुणाजीने मान डोलावली. त्याला वाटलं, एवढ्या वर्षांच्या शेजाऱ्याने आपल्याकडे पैसा-अडका मागितला नाही, फक्त दंड मागितला. नाही कसं म्हणायचं?

मालनला मात्र हे पटलं नव्हतं. चहा घेऊन आली तेव्हा तिने पाहिलं आणि कपाळाला हात लावला. “दुसऱ्याच्या दंडावर किती दिस निरोगी ऱ्हाणार, दादा? उद्या ताप आला तर म्हशीला लावाल थर्मामीटर.”

“तुझी म्हैस माझ्यापेक्षा ठणठणीत आहे, तिला कशाला?”

“हसा, हसा,” ती म्हणाली आणि कप आदळून गेली.

ते पंधरवडाभर चाललं. इकडे माझं कौतुक सुरू झालं. अक्षदा सिस्टरनी फोन करून आप्पांना शाबासकी दिली. “देवरामकाका, किती छान सांभाळलंत! मी बाकीच्यांना तुमचंच नाव सांगते.” त्यांनीच पहिल्या दिवशी तो इशारा दिला होता, पण पडद्यावरची हिरवी ओळ त्यांनाही गोड वाटली. डॉक्टरांनाही वाटली. इतके उतरलेले आकडे पाहून त्यांनी गोळी अर्धी केली. ठाण्यात बसून त्यांनी गुणाजीच्या दंडाला बरोबर औषध दिलं, पण ते घेतलं आप्पांनी.

तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की ओरडावं. पण मला एक बारीकसा बीप आहे, तोही काम नीट झाल्यावर वाजणारा. तो रोज वाजत राहिला.

दर्शना निश्चिंत होती असं मात्र नाही. तशी ती कधीच नसते. ती मोबाइलवर आकड्यांची रांग बघायची आणि तिला काहीतरी खुपायचं. प्रशांतला म्हणाली, “अरे, आप्पांची नाडी एवढी हळू कधीच नव्हती.”

“लेझीम खेळतायत ना रोज. व्यायामाने होते हळू.”

शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबर होतं. ती स्वतः विज्ञान शिकलेली, तिला ते पटलं. तिने अंगठा पाठवला.

आता पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण त्या घरात ते इतक्या वेळा सांगितलं गेलंय की पाहिल्यासारखं सांगू शकतो.

जयंतीला थोडेच दिवस उरले होते. आप्पा सकाळी लवकरच्या जीपने मुरबाडला गेले, निळं कापड कमी पडलं म्हणून. जाताना गुणाजीला बजावून गेले, “मी नसलो तरी नेहमीच्या वेळेला तू आपला बांधून घे. आकडा चुकला की ती फोन करते.” गुणाजीने इमानदारीने ओसरीवर बसून पट्टा बांधला, बटण दाबलं.

नेमक्या त्याच वेळी डोंबिवलीत मैत्री हट्टाला पेटली होती. आप्पांशी बोलायचं, नाहीतर दूध पिणार नाही. दर्शनाने फोन लावला, स्पीकरवर टाकला, मैत्रीसमोर धरला. आप्पांचा आवाज आला, “कोण, माझं मांजर?” मैत्री म्याव म्याव करत सुटली. आणि तेवढ्यात मोबाइलच्या पडद्यावर वरच्या कडेला हिरवी पट्टी उतरली. देवराम. एकशे सोळा, चौऱ्याहत्तर. आत्ता मोजलेलं.

स्पीकरमधून पाठीमागे कोणीतरी ओरडत होतं, “कल्याण, कल्याण, कल्याण! ए मावशी, कल्याण का?”

दर्शनाचा हात तसाच राहिला.

“आप्पा, कुठे आहात तुम्ही?”

“घरी. कुठे असणार? हा काय, पट्टा बांधलाय.”

“कल्याण, एक सीट, एक सीट!”

पुढे ती मला, म्हणजे माझ्यासमोर, अनेकदा म्हणाली की त्या क्षणी रागाने तिचे कान तापले होते. पण राग तोंडावाटे बाहेर पडायच्या आत तिच्या कानाने दुसरंच काही टिपलं. आप्पांच्या शब्दांच्या कडा विरघळल्यासारख्या येत होत्या. झोपेतून उठलेल्या मुलासारखं बोलणं. गेली दोन-तीन वर्षं ती मैत्रीचा एकेक उच्चार कान देऊन ऐकत, सुधारत आली होती. बोबडं आणि जड यातला फरक तिला कळत होता. आप्पा पान खात नव्हते, तंबाखूही नाही. मग जीभ जड का?

“आप्पा, रागावत नाही मी. जवळ जो कोणी आहे त्याच्याकडे फोन द्या. आत्ता द्या.”

फोन कापडाच्या दुकानदाराकडे गेला. त्याचं नाव महिपत. “हां, बोला ताई. निळं सुती आहे, टेरिकॉट संपलं.”

“दादा, मी त्यांची मुलगी बोलतेय. त्यांना हसायला सांगा.”

“काय?”

“हसायला सांगा हो! आणि दोन्ही हात वर करायला सांगा. मी सांगते ते करा, हात जोडते.”

थोडा वेळ नुसता बाजाराचा कालवा. महिपत म्हणत होता, “आजोबा, हसा बरं. हसा ना. लेक म्हणतेय हसा.” मग त्याचा आवाज बदलला. “ताई... एकाच बाजूनं हसतायत हो. डावा हात वर येत नाही. खाली बसले ते.”

“त्यांना आडवं करा. पाणी पाजू नका, काही खायला देऊ नका. एकशे आठला फोन करा. मी पण करते. दादा, त्यांना एकटं सोडू नका.”

महिपतने दुकान उघडं टाकलं. रुग्णवाहिका यायला वेळ लागेल म्हटल्यावर ज्या जीपवाल्याचा ओरडा दर्शनाने ऐकला होता त्यालाच त्याने धरलं. बसलेली माणसं एका शब्दानं उतरली. मुरबाडच्या दवाखान्यात पहिली तपासणी झाली, रक्तदाब मोजला, आणि तिथला आकडा ऐकून डॉक्टरांनी लगेच कल्याणला न्यायला सांगितलं. दर्शना मैत्रीला शेजारच्या संचिताकडे सोपवून कल्याणच्या इस्पितळाच्या फाटकात आधीच उभी होती. हातात मोबाइल, आणि मोबाइलवर अजून ती हिरवी पट्टी.

तिकडे ओसरीवर गुणाजी माझा पट्टा सोडत होता. “झालं काम,” असं म्हणून त्याने मला कोनाड्यात ठेवलं आणि भेंडी तोडायला गेला. दुपारी मालन धावत आली. मळ्याच्या बांधावरूनच ओरडली, “अहो, दादाला कल्याणला नेलंय!”

वेळेत पोचले, म्हणून आप्पा वाचले. मेंदूतली गुठळी विरघळवायचं औषध ठराविक वेळेच्या आत मिळावं लागतं, ते मिळालं. डावा हात तेवढा कमजोर राहिला आणि हसताना तोंडाचा एक कोपरा मागे राहू लागला.

गुणाजी दुसऱ्या दिवशी इस्पितळात आला. दाराशीच उभा. दर्शनाला म्हणाला, “पोरी, मार मला. याच हातानं केलं मी. हा हातच उखडून टाकावा वाटतोय.”

दर्शनाने रात्रभर मनातल्या मनात त्याला काय काय सुनावलं होतं. पण समोर तो मळकट सदऱ्यातला, डोळे सुजलेला माणूस पाहिल्यावर तिला एवढंच म्हणता आलं, “काका, तुम्ही मला एक फोन का नाही केलात?”

“तू घेऊन जाशील म्हणून. मग दादा नसतं ना आमच्यात.”

तेवढ्यात खाटेवरून जड आवाज आला, “गुणा, पताका कोणी लावल्या?”

“तुम्ही बोलू नका, दादा.”

“पारापर्यंत... जाणार ना?”

मित्रांनो, मिरवणूक पारापर्यंत गेली. आप्पा त्या दिवशी कल्याणच्या खाटेवर होते. मी कोनाड्यात होतो, पण उघड्या दारातून मला रस्ता दिसत होता. लेझमीच्या पहिल्या रांगेत मधोमध एक जागा मोकळी ठेवून पोरं निघाली होती. आमच्या दारापाशी गुणाजी पुढे झाला. पोरांच्या म्होरक्याला म्हणाला, “दादाची लेझीम दे माझ्याकडं.” पोरगा म्हणाला, “काका, तुम्हाला येते?” “न्हाई येत. चालता तर येतं.” आणि तो त्या मोकळ्या जागेत शिरला. ताल चुकत, पाय चुकत, पण हात खाली न आणता तो माणूस पारापर्यंत गेला. पारावर मालन सरबताच्या घंगाळाशी उभी होती म्हणे. नवऱ्याला पाहून तिने पदराने डोळे पुसले आणि मग जरा मोठ्यानेच म्हणाली, “आज खरा कामाला आला तुमचा दंड.”

कुणीतरी ते मोबाइलवर टिपून दर्शनाला पाठवलं. तिने आप्पांना दाखवलं. आप्पा अर्ध्या तोंडाने हसले. ते अर्धं हसू दर्शनाला पुरलं.

त्यानंतर माझे वाईट दिवस आले. आप्पांना डोंबिवलीला नेलं, सामानाबरोबर मीही गेलो. पण दर्शनाने मला कपाटावर टाकलं. माझ्याकडे बघितलं की तिच्या डोळ्यांपुढे ती हिरवी पट्टी यायची. आप्पांसाठी नवीन चकचकीत मशीन आलं. माझ्या अंगावर धूळ बसली, सेल गळले, पट्ट्याला झुरळाने कुरतडलं. मला राग आला नाही. मी कधी खोटं बोललो नव्हतो. पण ज्याचं ऐकून माणसं फसतात, त्याला कपाटावरच ठेवतात, हे मी समजून होतो.

मला खाली आणलं मैत्रीने. खुर्चीवर चढून तिने पट्टा ओढला आणि मी धाडकन पलंगावर पडलो. तिने पट्टा आधी बाहुलीला बांधला, मग मांजराच्या चित्राला, मग आप्पांकडे गेली. “आप्पा, हात द्या. तुमचाच द्या हां, गुणाआजोबांचा नको.”

दर्शना स्वयंपाकघरातून धावत आली. आप्पांनी बारीक दंड पुढे केला होता, वण असलेला. पट्टा उलटा होता, सेल नव्हते, काहीच मोजलं जात नव्हतं. तरी मैत्रीने कान पट्ट्याला लावला आणि गंभीरपणे विचारलं, “दुखतंय का? खरं सांगा.”

आप्पा म्हणाले, “हात नाही दुखत गं. गाव आठवतं.”

दर्शना दारातच उभी राहिली. तिने आजवर आप्पांना रक्तदाब विचारला होता, गोळी विचारली होती, जेवण विचारलं होतं. हे विचारलंच नव्हतं.

बरेच दिवस विचार करून, भांडून, रडून तिने आप्पांना गावी पाठवलं. पण तसंच नाही. आप्पांना जुना डबाच हवा होता, म्हणून नवे सेल घालून मलाही बरोबर दिलं. आता मालन दोन वेळा डोकावते आणि फोन करून दर्शनाला खरं ते सांगते. केंद्रात तिने एक गोष्ट ठरवून घेतली आणि अक्षदा सिस्टरनी ती सगळ्यांनाच लावली. पट्टा बांधायचा तो फोन चालू असताना. दर्शनाला माझी घरघर ऐकू येते, त्या घरघरीतून आप्पांच्या श्वासाचा आवाज ऐकू येतो. ती आकडा आधी बघत नाही. आधी विचारते, “काल काय केलंत?” आणि आप्पा सांगत बसतात. पताकांचं, भेंडीचं, मालनच्या म्हशीचं. कंटाळवाणं असतं ते पुष्कळदा. ती ऐकते. आवाजाच्या कडा जागेवर आहेत ना, ते ऐकते. मैत्रीच्या नाकाखाली धरलेलं बोटच ते, फक्त आता त्या बोटाचा कान झालाय.

गुणाजीचाही आकडा जातो हल्ली, पण गुणाजीच्या नावाने. मालनने धरून बसवला. परवा त्याची ओळ पिवळी झाली तेव्हा आप्पांना केवढा आनंद झाला म्हणून सांगू! “बघ, बघ, मला दंड देणारा! सुकट कमी कर!”

माझा पट्टा आता पार जुना झालाय, बांधला की निसटतो. नवीन बसवायला म्हणून दर्शनाने मला पुन्हा डोंबिवलीत आणलंय. उद्या ठाण्याला जायचं. आज मी तिच्या शिकवणीच्या टेबलावर पडून आहे. मघाशी एका मुलाने विचारलं, “टीचर, हे काय?” तिने गणितं बाजूला ठेवली आणि मी तुम्हाला सांगितली तीच गोष्ट त्यांना सांगितली. सिस्टरचा इशारा आपण कडेवरच्या मुलीच्या नादात कसा उडवून लावला, तेही लपवलं नाही. मग तिने विचारलं, “तुमच्यापैकी कोणाचं माणूस लांब, एकटं राहतं?”

किती हात वर झाले, मित्रांनो! सोलापूरची आजी, संगमेश्वरचे काका, विठ्ठलवाडीच्या चाळीतली आत्या. विठ्ठलवाडी तर इथून किती जवळ.

“आज घरी गेल्यावर त्यांना फोन करा,” दर्शना म्हणाली. “मेसेज नको, अंगठा नको. ‘कसे आहात’ असं विचारू नका, सगळे बरा आहे म्हणतात. काल काय केलं ते विचारा. आणि उत्तर संपेपर्यंत ऐका, कंटाळा आला तरी.”

मागे बसलेली एक मुलगी म्हणाली, “टीचर, आत्ता लावू?”

दर्शनाने स्वतःचा मोबाइल तिच्यापुढे ठेवला. आणि तुमच्याकडेही बघून बोलावं तशी म्हणाली, “आत्ताच लाव. नंबर पाठ आहे ना?”